टेस्टोस्टेरॉन : १२८०

तळजाईच्या टेकडीवर सकाळी आमचा कट्टा भरतो. तिथे कुणी स्वतःची मिळकत, मुलाचा पगार किंवा मृत्युपत्र यांबद्दल अवाक्षर काढत नाही. ते खासगी. लघवीतलं प्रथिन मात्र सार्वजनिक. क्रिएटिनिन किती, प्रोस्टेट केवढी, पोट सकाळी साफ झालं की दुपारी, हे सगळं खड्या आवाजात चालतं आणि शेजारून पळणाऱ्या कॉलेजच्या मुली ते ऐकून पळण्याचा वेग वाढवतात. साठी उलटलेला पुरुष आपल्या देहाबद्दल चारचौघांत काहीही सांगतो. एकच गोष्ट सांगत नाही. आपण अजून बरं दिसावं असं त्याला वाटतं, ही.

माझ्या बाबतीत प्रकरण केसांचं होतं. दिवाळीच्या सुट्टीत नातीनं घरातल्या सगळ्यांची चित्रं काढली. आजीला अंबाडा, बाबाला दाढी, आईला पाठभर केस. माझ्या जागी एक गोल, त्याला चष्मा. "आजोबांचे केस कुठे आहेत?" मी विचारलं. तिनं आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे, आणि चित्रात काही चूक नसल्याची खात्री करून ती पुढच्या माणसाकडे वळली.

त्याच सुमारास आमच्या सूनबाईंचे बाळंतपणानंतर गळू लागलेले केस गळायचे थांबले होते. श्रेय एका बाटलीकडे जात होतं. ती फ्रिजवर उघड्यावर असायची, त्यामुळे लेबल वाचायला चोरी करावी लागली नाही. बायोटिन, १०,००० मायक्रोग्रॅम, रोज एक. आता सुनेच्या बाटलीतली गोळी घेणं शोभत नाही आणि जवळच्या मेडिकलवाल्याकडे मागावी तर तो आमच्याच कट्ट्यावर येतो. म्हणून मी रिक्षा करून पार सिंहगड रोडला गेलो आणि ज्या दुकानात मला कुत्रंही ओळखत नव्हतं तिथून एक बाटली आणली. रोज एक गोळी हा डोस तरुण बाईसाठी, हे मी मनाशी ठरवून टाकलं. माझ्या डोक्यावरचा अनुशेष पाहता तीन हव्यात, हेही मीच ठरवलं. बाटली लपवली ती खात्याच्या जुन्या शिक्क्यांच्या पेटीत, कारण त्या पेटीला गेल्या आठ-दहा वर्षांत घरातल्या कुणाचा हात लागलेला नाही.

खातं म्हणजे वैधमापनशास्त्र. लोक आम्हाला 'वजनमापेवाले' म्हणतात. निरीक्षक म्हणून मी निवृत्त झालो. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोकरलेलं किलोचं वजन, बुडाशी चेपलेलं रॉकेलचं माप, पेट्रोल पंपावर पाच लिटरच्या मापात कमी भरणारे पाच लिटर, हे सगळं मी हयातभर पकडलं. काटा हा काही ठरलेल्या अटींवरच खरं बोलतो, आणि त्या अटी कोण बिघडवतंय ते आधी बघायचं, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. पुढचा मजकूर वाचताना वाचकांनी हे लक्षात ठेवावं. मी ठेवलं नव्हतं.

मग सोसायटीत ते पॅकेज आलं. 'ज्येष्ठांसाठी हॉर्मोन आणि मेटाबॉलिक तपासणी', चार जणांनी मिळून केली तर सवलत. आपल्याकडे सवलतीत मिळत असेल तर माणूस बायोप्सीसुद्धा करून घेईल. सकाळी रक्त न्यायला मुलगा घरी येणार होता. पोट उपाशी हवं, पाणी चालेल. गोळी म्हणजे काही अन्न नव्हे, आणि ती पाण्याबरोबरच घ्यायची असते. तेव्हा तो यायच्या तासभर आधी मी शिस्तीत तिन्ही गोळ्या घेतल्या. मुलानं विचारलं, "काका, उपाशी आहात ना?" मी म्हटलं, "कडकडीत."

संध्याकाळी अहवाल मोबाईलवर आला. बरीच पानं, आणि पानापानावर लाल-पिवळे पट्टे. वाचणाऱ्याची नजर जिथं जायची तिथंच गेली. टेस्टोस्टेरॉन : १२८०. कंसात लिहिलं होतं की निरोगी पुरुषात हा आकडा साधारण तीनशे ते हजारच्या दरम्यान असतो. माझं वय अडुसष्ट. मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग न्हाणीघरात जाऊन आरशासमोर उभा राहिलो. खांदे नेहमीपेक्षा रुंद वाटले. डोक्यावर काही उगवलेलं नव्हतं, पण इतक्या ऐवजाचा मालक केसांसारख्या फुटकळ गोष्टीचा विचार करत नाही.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मी तो आकडा सहज, दुसऱ्याच विषयातून निघाल्यासारखा, सांगून टाकला. शांतता पसरली. पाटबंधारे खात्यातले निवृत्त कार्यकारी अभियंता, ज्यांनी मला आजवर कधी वाट दिली नव्हती, त्यांनी उतरणीवर मला पुढे जाऊ दिलं.

घरी येऊन मी या विषयाचा अभ्यास सुरू केला. त्यात मला ब्राऊन-सेकार भेटले. मोठे शरीरशास्त्रज्ञ, जन्म मॉरिशसचा, कीर्ती पॅरिसमधली. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, १ जून १८८९ रोजी, त्यांनी पॅरिसच्या विद्वत्सभेत उभं राहून सांगितलं की आपण कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला असून तारुण्य परत आलं आहे. नुसतं सांगितलं नाही, मोजलं होतं. हाताची ताकद यंत्रावर मोजली होती आणि लघवीची धार किती लांब जाते तेही मोजलं होतं. त्या माणसाबद्दल मला खात्याच्या नात्यानं अपार आदर वाटला. युरोप-अमेरिकेत पुढे हजारोंनी तसा अर्क टोचून घेतला. टेस्टोस्टेरॉन वेगळं काढून दाखवायला १९३५ साल उजाडलं, आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही हे कळल्यावर सगळा हिशोब लागला. म्हातारबुवांच्या पाण्यातल्या अर्कात त्याचा अंश असून नसल्यासारखा होता. त्यांना जो जोम चढला तो त्यांच्याच डोक्यातून उतरलेला. मी हे वाचलं, मान डोलावली आणि म्हटलं, बिचारे. आपल्याकडे मात्र कागद आहे.

कागदाचं पहिलं पान अभियंत्यांनी उघडलं. "साहेब, तुमचा टीएसएच ०.०२ आहे," ते म्हणाले. "०.४ च्या खाली गेला की थायरॉइड उधळलेली असते. टी-फोरही दुप्पट आहे तुमचा." त्यांच्या आवाजात इतकी तृप्ती होती की उतरणीवरची वाट आता परत घेतली जाणार, हे मला तेव्हाच कळलं.

त्या क्षणापर्यंत मला काहीही होत नव्हतं. त्या क्षणानंतर सगळं होऊ लागलं. छातीत धडधड. पौषात पंखा पाचवर. हातांना कंप आहे का हे बघण्यासाठी पसरलेल्या बोटांवर कागद ठेवतात असं वाचलं, म्हणून मी विजेचं बिल ठेवलं. ते थरथरलं. ही म्हणाली, पंखा बंद करून बघा. बंद केल्यावरही थरथरलं असं माझं म्हणणं, नाही असं तिचं. भूक वाढते असं लिहिलं होतं आणि ती खरोखरच वाढली. त्यात संक्रांतीचे दिवस आले आणि गुळपोळीवर तूप घेताना मी प्रत्येक वेळी 'थायरॉइडमुळे' असं खुलासेवार म्हणत गेलो. वजन मात्र घटायला हवं होतं, ते दोन किलोनं वाढलं. इथे कुणालाही शंका आली असती. मी काटा बदलून पाहिला.

लक्षणं जुळत नाहीत म्हणून क्षणभर आशा वाटली होती, पण तीही वाचनानं घालवली. वयस्कर माणसांत म्हणे या विकाराची नेहमीची लक्षणं दिसतीलच असं नाही. धडधड नाही, कंप नाही, नुसतंच मलूल होऊन बसणं, किंवा एकदम हृदयाचे ठोके अनियमित होणं, एवढ्यावरच तो उघडा पडतो. म्हणजे लक्षणं असली तर आजार आहेच आणि नसली तर तो वृद्धापकाळी येणाऱ्या खास प्रकारचा आहे. असा दोन्हीकडून पक्का कायदा मी नोकरीत पाहिला नव्हता.

शेवटी हिनं मला हॉर्मोनतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी अहवाल पाहिला, मग मला. नाडी धरली, गळा चाचपला, डोळे पाहिले, हात पुढे करायला लावले. काट्यावर उभं केलं. पुन्हा अहवाल पाहिला.

"काका, कागद म्हणतोय तुम्ही धावताय," त्या म्हणाल्या. "नाडी म्हणतेय तुम्ही आरामखुर्चीत बसलाय. बहात्तर. थायरॉइड इतकी चढलेला माणूस वजन वाढवून येत नाही सहसा. व्हिटॅमिन डी भरपूर, टेस्टोस्टेरॉन पंचविशीतल्या पैलवानाला लाजवेल असं. काही गोळ्या घेताय का?"

"रक्तदाबाची. बस," मी म्हणालो.

"आयुर्वेदिक, टॉनिक, व्हिटॅमिन?"

"छे."

"केसांसाठी काही?"

माझ्या डोक्यावर केस असते तर ते त्या क्षणी उभे राहिले असते. मी 'या डोक्याकडे बघून तुम्हाला असं वाटतं का' अशा अर्थाचं हसू हसलो. तेवढ्यात शेजारून पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. हिनं बाटली काढून टेबलावर ठेवली. माझी बाटली. शिक्क्यांच्या पेटीतली.

"महिना झाला मला सापडून," ही डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "यांचं ते टेस्टोस्टेरॉन-टेस्टोस्टेरॉन चाललं होतं ना, तेव्हा मला वाटलं वेगळ्याच कसल्या गोळ्या असतील. लेबल वाचलं तर केसांच्या निघाल्या." आणि थोडं थांबून, "जरा वाईटच वाटलं."

डॉक्टरीणबाईंनी टेबलाखाली पेन पाडलं आणि ते शोधायला त्यांना बराच वेळ लागला.

मग त्यांनी सांगितलं. शरीराला बायोटिन दिवसाला ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास पुरतं. मी घेत होतो तीस हजार. जादाचं लघवीवाटे निघून जातं, अपाय सहसा होत नाही. अपाय होतो तो यंत्राला. रक्तातले हॉर्मोन मोजणारी बरीच यंत्रं बायोटिनचाच हुक म्हणून वापर करतात, कारण स्ट्रेप्टाविडिन नावाच्या प्रथिनाला ते असं घट्ट चिकटतं की सुटता सुटत नाही. टीएसएच या हुकांना लटकवायचा आणि किती लटकला ते मोजायचं. पण रक्तातच बायोटिनचा पूर आलेला असेल तर ते आधी जाऊन स्ट्रेप्टाविडिनच्या सगळ्या खुंट्या अडवतं. लटकायला जागा नाही, म्हणून यंत्र म्हणतं टीएसएच नाहीच. टी-फोर, टेस्टोस्टेरॉन, व्हिटॅमिन डी यांच्यासारखे छोटे रेणू मोजायची रीत नेमकी उलटी असते. तिथे खूण जितकी कमी चमकेल तितका हॉर्मोन जास्त धरायचा. म्हणून तेच बायोटिन इकडे आकडा पाडतं आणि तिकडे चढवतं.

मी खुर्चीत खचलो. चुंबकवाल्या भाजीवाल्याला एकच पारडं खाली ओढता यायचं. एका पारड्याला उचलणारा आणि त्याच वेळी दुसऱ्याला दाबणारा हिकमती माणूस मला उभ्या नोकरीत सापडला नव्हता. तो सापडला तेव्हा माझ्याच पायजम्यात होता.

"हसण्यावारी नेऊ नका," बाई म्हणाल्या. हसत मी नव्हतो. "हृदयविकाराच्या झटक्यात ट्रोपोनिन तपासतात. काही यंत्रांवर तेही बायोटिननं खोटं कमी दिसू शकतं. म्हणजे झटका आलेला आणि कागद म्हणतोय घरी जा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये इशारा दिला, त्यात असा एक मृत्यू नोंदलेला आहे. सगळ्या लॅब ही पद्धत वापरत नाहीत, पण तुम्ही कुठल्या यंत्रापुढे जाल ते तुम्हाला माहीत नसतं. आणि काका, टक्कल पडतं ते अनुवंशानं आणि पुरुषी हॉर्मोननं. बायोटिनची खरीखुरी कमतरता असेल तरच ही गोळी केसांना मदत करते, आणि ती कमतरता फार क्वचित असते."

"सुनेचे आले बाळंतपणानंतर," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"बाळंतपणानंतर गळलेले केस आपोआपच परत येतात."

आता सुटलो, असं समजून मी उठायला लागलो. त्यांनी बसवलं आणि अहवालाचं शेवटून दुसरं पान उघडलं. एचबीए१सी : ६.३. पिवळा पट्टा. तो मी पाहिलाच नव्हता. पिवळ्याकडे बघायला लालनं सवड दिली नव्हती.

"या सगळ्या गठ्ठ्यात महत्त्वाचा आणि खरा आकडा हा आहे. हा वेगळ्या पद्धतीनं मोजतात, त्याला तुमच्या गोळ्यांनी हात लावलेला नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांच्यावर साखर किती चढली ते यात दिसतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचं अंगण. तुम्ही पायरीवर बसलाय."

"पण मी बारीक आहे!" हे मी मनापासून म्हणालो. माझे हातपाय पाहून लोक मला वाढदिवसाला च्यवनप्राश देतात.

बाईंनी टेप काढला. टेपवर पडताळणीचा शिक्का नव्हता हे मी नजरेस आणून दिलं. त्याची नोंद झाली नाही. कमर ९८ सेंटीमीटर भरली. आपल्याकडच्या पुरुषांना ९० ची मर्यादा घातली आहे. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, तीही आपल्या पुण्याचीच निघाली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच फोटो आणि मापं छापली. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र साहेबाची ९.१ टक्के आणि पुणेकराची २१.२ टक्के. काडीसारखे हात, आत लोण्याचा गोळा. आपल्या बहुतेकांची बांधणी अशीच. त्यात वय वाढलं की स्नायू झडतात, आणि जेवणानंतरची साखर रिचवायची मुख्य जागा म्हणजे स्नायू. कोठार आटतं, आवक तीच राहते.

ज्या माणसानं स्वतःची चरबी अशी छापून दाखवली त्याच्या शहरात मी सहा इंच टकलासाठी रिक्षानं सिंहगड रोडला गेलो होतो, हा विचार मी फार वेळ केला नाही.

बायोटिन बंद करून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. टेस्टोस्टेरॉन ३४०. म्हणजे माझ्या पौरुषाचा तीन चतुर्थांश भाग बाटलीतला होता. कागदावर ते 'सामान्य' असं छापून आलं, पण १२८० भोगलेल्या माणसाला सामान्य या शब्दात काय सांत्वन! टीएसएच या वेळी ५.१, म्हणजे छापील मर्यादेच्या किंचित वर. तेव्हा आता माझी थायरॉइड मंदावलेली आहे असा निष्कर्ष मी लिफ्टमध्येच काढला, आणि दवाखान्यात शिरेपर्यंत मला थंडी वाजू लागली होती. आवाजही जड झाला होता.

"गोळी सुरू करायची ना?" मी जड आवाजात विचारलं.

"नाही. वयाबरोबर टीएसएच थोडा वर सरकतोच. टी-फोर व्यवस्थित आहे. असाच किंचित चढलेला टीएसएच असणाऱ्या, पासष्टीपुढच्या ७३७ लोकांवर युरोपात प्रयोग झाला, २०१७ मध्ये छापून आलाय. निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना खोटी. थकवा आणि बाकीच्या तक्रारी दोन्हीकडे सारख्याच राहिल्या. काही महिन्यांनी पुन्हा बघू."

एवढे हॉर्मोन मोजून झाल्यावर हातात एकही गोळी पडली नाही, याचं मला फार वाईट वाटलं. पडलं ते एवढंच : रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायचं, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलायच्या, डाळ-उसळ वाढवायची आणि गुळाचा चहा नैसर्गिक असतो हे म्हणणं बंद करायचं. बाटल्या मी लिटरच्या मापानं स्वतः भरून घेतल्या. हिचं म्हणणं, उचलण्यापेक्षा भरण्यातच माझा जास्त वेळ जातो.

ट्रोपोनिनचं मात्र मनातून जाईना. कट्ट्यावर अर्ध्याअधिक लोकांना स्टेंट आहेत. १२८० चा आकडा ऐकल्यापासून दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन 'काय घेता' असं विचारलंही होतं, आणि मी गूढ हसून 'शिस्त' म्हणालो होतो. सांगणं भाग होतं. एका सकाळी मी घसा खाकरला आणि सगळं सांगितलं, बाटलीपासून ३४० पर्यंत. कुठल्याही तपासणीआधी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, निदान दोन दिवस बंद ठेवा, आणि छातीत दुखून दवाखान्यात गेलात तर बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका, असं बजावलं. मी हशाची तयारी ठेवली होती. कुणी हसलं नाही. अभियंते पुढे सरकले, इकडेतिकडे पाहिलं, आणि आयुष्यात प्रथमच हळू आवाजात म्हणाले, "ते सगळं ठीक आहे साहेब. पण केस आले का?"

मी टोपी काढून मान खाली घातली. तिघांनी मोबाईलचे टॉर्च लावून आळीपाळीनं पडताळणी केली. दोघांचं मत 'नाही' असं पडलं. तिसऱ्यांना मात्र उजव्या बाजूला बारीक लव स्पष्ट दिसली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे.